मर्सिडीज माझी, सित्रोएन धाकट्याची

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाड्या दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्यामागे मुलाची. "बाबा, ती धुडं भंगारात काढा," असे तो दोनदा म्हणाला आहे. सबब गाड्यांवर त्याचा हक्क नाही.

२. पान्यांची पेटी व लेथ गॅरेजशेजारच्या वेल्डरला. माझा ग्राइंडर त्याने नेला तो आणलाच नाही. तोही त्याचाच समजावा.

३. दोन्ही गाड्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. कारण लिहिणे भाग आहे.

धाकट्याने व मी एकाच वर्षी जुन्या गाड्या घेतल्या. माझी जर्मन मर्सिडीज: दार लावले की तिजोरी मिटल्यासारखा आवाज, बॉनेट उघडले की प्रत्येक नट हाताला सापडतो. त्याची फ्रेंच सित्रोएन: सुरू केली की तेलाच्या दाबाने जमिनीपासून हळूहळू वर उचलली जाते, खड्ड्यातून गेली तरी पोटातले पाणी हलत नाही. मी तिला नखरेल म्हणायचो, तो माझीला रणगाडा. मस्करीची कुस्करी झाली. गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, "तुला गाड्यांतलं कळतं काय?" तो गॅरेज सोडून गेला. अकरा वर्षे अबोला.

मग अर्धांगाने त्याचा उजवा हात-पाय गेला. फोन आला. "दादा, मला आता चालवता येत नाही. तू चालव, मी शेजारी बसतो. एक चक्कर मारू."

"आधी माझी गाडी चांगली म्हण."

तो हसला. "ते नाही व्हायचं."

मी फोन ठेवला. चौथ्या दिवशी तो गेला.

महिन्याने भावजयीने त्याची गाडी माझ्या नावे करून किल्ली पाठवली. मी एकटाच पुलापर्यंत जाऊन आलो. लेखी नमूद करतो: सित्रोएनच चांगली.

४. पुतणीने गाड्या ठेवाव्यात वा विकाव्यात. तिला कोणी बोल लावू नये.

५. भावजयीची माफी मागायला मला तोंड नाही. वरील मजकूर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही फोन ठेवलात, तरी ते बाहेर जायचे कपडे घालून संध्याकाळपर्यंत दारात बसले होते. म्हणाले, दादा रागावतो, पण येतो."

एवढे बोलून तिने पेन मागितले.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार १: वेल्डरच्या शेजारचा छापखानेवाला
साक्षीदार २: भावजय
ठिकाण: गॅरेजमागची खोली
तारीख: १४ मार्च