तापलेली गाडी आणि एकच टक्

१२ मार्च, मंगळवार

नाही म्हणजे नाही! गाडी भंगारात जाणार नाही. दादाला तोंडावर सांगितलं. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू किती दिवस आहेस इथे? चार? पाच? मग पाठीला पिशवी लावून पसार. अंगणातला तो डबा आम्ही बघत बसायचं."

डबा! बाबांची पिकअप आहे ती. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

थंड असली की किल्ली फिरवली, सुरू. अर्धा तास चालवून बंद करा आणि परत किल्ली फिरवा — नुसतं टक्. पुढे काही नाही. पाऊण तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते. बाबा होते तेव्हाही हेच. म्हणून ते कुठेही गेले तरी इंजिन बंद करायचेच नाहीत. दुकानासमोर, दवाखान्यासमोर, माझ्या शाळेच्या फाटकात. त्यांना जाऊन वर्ष झालं, आता दादाला ती अंगणात नको.

पैज लागली. रविवारी भंगारवाला येणार. तेव्हा दादा स्वतः गाडी तापवणार. तापलेली गाडी तीनदा बंद करून तीनदा सुरू झाली तर ती माझी. एकदा जरी टक् झालं तर मी तोंड उघडायचं नाही.

आई म्हणाली, "ताटं उचला आता."

१३ मार्च

गॅरेजवाले काका वाकून बघतात, उठताना कंबर धरतात. म्हणाले, "ताई, स्टार्टर म्हातारा झालाय. बाजूनेच सायलेन्सरचा पाइप जातो. पाइप तापतो, तो ह्याला तापवतो, मग हा काम करत नाही." त्यांच्याकडचा एक जुना स्टार्टर उसना दिला. "चालला तर ठेव. नाही चालला तर पुसून आण."

गाडीखाली दोन तास. वरचा बोल्ट ज्याने तिथे बसवला त्याच्या हाताला तीन कोपरं असणार! मनगट भाजलं. बसवला. तापवली. बंद केली.

टक्.

मग रागाने रेडिओ उघडला. कशाला? माहीत नाही. तीन तास गेले. आधी नुसता खरखरायचा, आता तेही नाही.

१४ मार्च

पाइप आणि स्टार्टरच्या मध्ये पत्रा कापून लावला, ऊन अडवतात तसा. टक्. दादाने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मेला!

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी दादाने यादी वाचली. "शाळा अर्धी. शिवणाचा क्लास अर्धा. बेकरीतली नोकरी — किती दिवस गं? एकोणीस?" बावीस. पण त्याला सांगितलं नाही. यादी खरी आहे. खरी आहे म्हणून काय झालं? कंटाळा आला की मी निघते. ह्या गाडीचा कंटाळाच येत नाहीये, तेवढं मलाही कळत नाही.

बाबांचा स्टार्टर जागेवर बसवला, काकांचा त्यांना परत दिला. पुसून. ते हसले. "स्टार्टर दोन, टक् तेच. म्हणजे दोष त्याचा नाही. वीज पोचते का बघ. बॅटरीतून जाते ती वाट सगळे तपासतात. परत येते ती इंजिनच्या अंगातून, चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या अंगातून. तिकडे कोण बघतंय!" आणि व्होल्ट मोजायचं मीटर हातात दिलं.

मीटर धरायला एक आणि किल्ली फिरवायला एक, असे दोघं लागतात. दादाला विचारणार नव्हते. आई हात पुसत आली, चढून बसली.

"कधी फिरवू?"

"मी ओरडेन तेव्हा."

"मग नीट ओरड. दातांत पुटपुटू नकोस."

जायची वाट — ठीक. यायची वाट — जवळजवळ तीन व्होल्ट! बॅटरीच्या बारातले तीन वाटेतच गडप! मी एवढ्या जोरात ओरडले की आईने परत किल्ली फिरवली.

१६ मार्च

सापडलं.

इंजिनपासून चॅसीला तांब्याची विणलेली पट्टी जाते. वीज तिथून परत येते. तिचा बोल्ट काढला. वाटलं, गंज असेल. गंज नाही. रंग!

बाबा दरवर्षी गाडी रंगवायचे. ब्रशने. घराचा जो उरेल तो रंग. आणि त्यांना कोपरा सोडायची सवय नव्हती — बोल्ट काढायचा, पट्टीखाली रंग द्यायचा, वाळला की पट्टी परत जागेवर. व्यवस्थित! दरवर्षी एक थर. रंगातून वीज कशी जाणार? बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जायची. थंड इंजिनला तेवढी पुरायची. तापलं की जास्त मागायचं, आणि मिळायची नाही.

खरवडत बसले. दारांचा हिरवा. त्याखाली माझ्या पलंगाचा निळा. त्याखाली स्वयंपाकघराचा पिवळा. आई बघत होती. म्हणाली, "तो पिवळा मी टाकून द्या म्हटलं होतं." मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आधी रडू आलं. मग हसू. मग राग. दादाला कळलं तर म्हणेल, म्हणजे बाबांनीच बिघडवली. म्हणू देणार नाही! चकाकेपर्यंत घासलं. स्टार्टरही बाबांचाच आहे.

१७ मार्च, रविवार

दादाने चाळीस मिनिटं हायवेवर पळवली. भंगारवाला हाताची घडी घालून अंगणात उभा.

पहिल्यांदा — सुरू. दुसऱ्यांदा — सुरू. तिसऱ्या वेळी दादा मुद्दाम दहा मिनिटं थांबला. बंद केल्यावर आतली धग वरच चढत जाते, हे त्याला कुणी शिकवलं? किल्ली फिरली.

सुरू!

भंगारवाला वैतागला. "साहेब, चालती गाडी आहे की ही. मला कशाला हेलपाटा?"

दादाने विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, "माती अडकली होती." त्याने किल्ली दिली. "कधी निघतेस?" "उद्या सकाळी!" तोंडातून निघून गेलं. आता उद्या सकाळी निघावंच लागणार.

१८ मार्च

पिशवी घेऊन बाहेर आले तर अंगण रिकामं. किल्ली नाही. आई नाही. दादा मला म्हणाला, "तिला चालवता येते?" मला तरी कुठे माहीत!

अकराला तिचा फोन. "दोनदा तापवली, दोनदा बंद केली. दोन्ही वेळा सुरू झाली. काम चांगलं केलंस हो." केव्हा शिकलीस म्हटलं, तर म्हणे, "तुम्ही शाळेत असायचात तेव्हा." म्हटलं, आई, गाडी माझी आहे, मला निघायचंय, आहेस कुठे तू?

"गावाची पाटी गेली आत्ताच. वाचली नाही."