निळ्या ड्रेसची साक्ष

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा शहाण्यासारखा वागतो आहे. तू लावलेलं रोप तू गेल्यापासून रुसलं आहे, पण जिवंत आहे. परीक्षेचा अभ्यास कसा चालला आहे ते नीट लिही, 'बरा' म्हणून एका शब्दात उरकू नकोस.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी बोलायला लागले की तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसतात आणि एकही पान उलटत नाहीत. मला जे सांगायचं आहे त्यात त्यांचंही नाव येऊ शकतं. अजून नक्की नाही, पण येऊ शकतं.

तू दर वेळी विचारतेस, "आई, पथ्य सोडलं नाहीस ना?" नाही सोडलं. पाव नाही, भात नाही, बटाटा नाही, साखर नाही. सकाळी अंडी, दुपारी शिलाईच्या दुकानात डब्यातली भाजी आणि चीज, संध्याकाळी बाबांच्या हातचं सूप. दुकानातल्या बाकीच्या बायका माझ्या लो-कार्बला आता हसत नाहीत. बहुतेक कंटाळल्या असाव्यात.

आणि हो, निळा ड्रेस बसतो. तेही तू दर वेळी विचारतेस, म्हणून आधीच लिहून टाकते. दर रविवारी घालून बघते तसा आजही घातला आणि चेन सरकन वर गेली. मध्ये तो जरा कमरेत धरत होता, पण तू निघायच्या आधी इस्त्री करून दिलास तेव्हापासून छान मोकळा झाला आहे. मी तुला म्हटलं होतं ते लक्षात आहे ना? हा ड्रेस ज्या दिवशी बसणार नाही, त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन आख्खा पाव खाणार आणि हे सगळं बंद करणार. मी शब्दाची पक्की आहे. तेव्हा तू नुसती माझ्याकडे बघत बसली होतीस.

आता मूळ मुद्दा. आपला वजनकाटा बिघडला आहे. दर आठवड्याला थोडं थोडं जास्त दाखवतो. किती ते लिहीत नाही, खोट्या आकड्याला कागदावर कशाला जागा द्यायची? बाबांना त्यावर उभं केलं तर त्यांचं वजन मात्र बरोब्बर दाखवतो. मग मी नवा काटा आणला. तोही जुन्याचीच री ओढतो. दोन्ही एकाच दुकानातले, त्यामुळे आता मला त्या दुकानदाराचाच संशय येतो आहे. फार गोड बोलतो मेला.

अगं, मी अर्धं आयुष्य लोकांच्या कमरेला टेप लावण्यात घालवलं. माणसं पोट आत ओढतात, श्वास धरतात, जुनं माप सांगतात. कापड असलं काही करत नाही. ड्रेस सांगतो की मी आहे तशी आहे, काटा सांगतो की जाड झाले. मी कुणाचं ऐकू, तूच सांग.

वेळेवर जेव.

तुझी,
आई

*

रविवार, १६ मार्च

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर मागच्या महिन्यातच मिळालं, तेही इतक्या लवकर की मी पाकिटावरचा शिक्का दोनदा बघितला. "काट्याकडे बघूच नकोस, फेकून दे, ड्रेसवर लक्ष ठेव," असं लिहिलं आहेस. लहानपणापासून तू माझ्या बाजूने कधी इतक्या तावातावाने बोललेली मला आठवत नाही. बरं वाटलं. थोडं विचित्रही वाटलं.

काटा फेकला नाही. कपाटाखाली सरकवला आहे आणि अधूनमधून बाहेर काढते.

तर मी असा विचार केला. दोन्ही काटे खरे बोलत असतील असं घटकाभर धरून चालू. मग माझ्या पोटात पीठ जातंय कुठून? मी खात नाही म्हणजे कुणीतरी घालतंय. या घरात सूप कोण करतं, ते तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यापासून ते सूप जरा दाटच लागत होतं. त्यात बुधवारी कचऱ्याच्या डब्यात तळाशी, कागदात गुंडाळलेली, बटाट्याची सालं सापडली. कागदात गुंडाळून, खारू! निष्पाप माणूस सालं गुंडाळून टाकतो का?

मी औषधांच्या दुकानातून आयोडीनची बाटली आणली. शाळेत शिकलो होतो ना आपण, पीठ असलं की थेंब निळाकाळा होतो. बाबांची पाठ वळली की सुपात थेंब टाकायचा. काही झालं नाही. सुकामेवावाल्याकडून बदामाचं पीठ आणते त्यावर टाकला, कारण तो माणूस मापात मारतो हे मला माहीत आहे, मग पिठात का नाही मारणार? तिथेही काही झालं नाही. चीजवर टाकला. शेजारणीने कौतुकाने आणून दिलेल्या कोशिंबिरीवर टाकला, आणि ती नेमकी मागे उभी होती. आता ती बोलत नाही.

शेवटी शुक्रवारी दुकानातून दुपारीच निघाले आणि पाय न वाजवता घरात शिरले. तुझे बाबा गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीमागे, भिंतीकडे तोंड करून उभ्याने तळलेले बटाटे खात होते. मला बघून त्यांच्या हातातली बशी पडायची राहिली.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुझ्यासमोर खायला जीव होत नाही गं," ते म्हणाले. "तू एवढी नेटाने करतेस."

"कधीपासून चाललंय?"

"तू भात-बटाटा सोडलास तेव्हापासून."

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या घरात कपड्यांआड लपून खातो. सूप दाट का, तर त्यात ते फुलकोबी वाटून घालतात, मला पोटभर वाटावं म्हणून. मग त्यांनी हळूच विचारलं, "वजन परत वाढलंय का तुझं?" मी म्हटलं, काटा बिघडलाय. ते म्हणाले, "बरं." आता हे 'बरं' मला पटलेलं नाही. तुझे बाबा वाद न घालता 'बरं' म्हणतात तेव्हा त्यांना काहीतरी माहीत असतं.

डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. त्या म्हणाल्या, "साखर ताब्यात आहे, डोळ्यांचा पडदा छान आहे, गोळीही अर्धीच चालू ठेवू. वजन थोडं परत आलंय, पुष्कळांचं येतं. जेवण आहे तसंच ठेवा, फक्त ते बदाम मूठमूठ खाऊ नका." त्यांना बदामाचं कुणी सांगितलं? माझ्या शिलाईयंत्राच्या खणात बरणी आहे हे दुकानाबाहेर कुणाला ठाऊक नाही. मी स्वतः सांगितलं असेल म्हणा. आणि चीज तर मी मोजून खात नाही, कारण त्यावर आयोडीन चढत नाही.

'साखर ताब्यात आहे' यावर मी अजून विश्वास ठेवलेला नाही. वजन वाढलं तर साखर कशी ताब्यात राहील? मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील. तुझ्या आजीची साखर वाढत होती तरी तिचे डॉक्टर शेवटपर्यंत 'ठीक आहे' म्हणायचे. तू फार लहान होतीस, तुला आठवणार नाही. शेवटी शेवटी ती कापड बोटांनी चाचपायची आणि मला त्याचा रंग विचारायची. मी सांगायचे आणि ती मान हलवायची, जणू तिला दिसतंय.

जाऊ दे. ड्रेस बसतो. जरा धरतोय, पण बसतो.

तुझी,
आई

*

रविवार, ६ एप्रिल

खारू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक.

सोमवारी दुकानात मालकीणबाईंनी सगळ्यांसाठी नवे एप्रन शिवायचे काढले. एकमेकींची मापं घ्यायची होती. माझी कमर मोठ्याने पुकारली गेली तेव्हा मी माप घेणारीला म्हटलं, तुझी टेप सैल झाली आहे. माझी टेप दिली. तोच आकडा. मालकीणबाईंच्या कपाटातली कोरी टेप काढायला लावली, तोच आकडा. सगळ्या बायका शिवायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

दोन काटे, तीन टेपा, एक डॉक्टर. सगळे एक सांगतात आणि एकटा निळा ड्रेस दुसरं सांगतो. इतके दिवस मी सगळ्या जगावर संशय घेतला, त्या ड्रेसवर कधी घेतला नाही, कारण तो मी शिवलेला आहे.

घरी आले, चपला न काढता तो ड्रेस खिडकीशी नेला आणि उलटा केला.

त्या ड्रेसच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींत मी भरपूर माया ठेवली होती. आत बोटभर रुंद जास्तीचं कापड होतं, ते आता नखाएवढं उरलं आहे. जुन्या टाक्यांची भोकं ओलं फडकं आणि गरम इस्त्री वापरून बुजवली आहेत. छान बुजवली आहेत, पण उजेडात तिरकं धरलं की त्यांची ओळ दिसते. यंत्र दुकानात असल्यामुळे नवी शिवण हाताने घातली आहे, बारीक, एकसारखी, आणि प्रत्येक टाका उलट्या बाजूला कललेला. या घरात डावखुरं कोण आहे, हे मला आयोडीन टाकून बघावं लागलं नाही.

इस्त्री केल्यावर ड्रेस कमरेत सैल होतो, हे मी मानलं. मी! एखाद्या गिऱ्हाइकाने असं म्हटलं असतं तर आठवडाभर हसलो असतो आम्ही. मला हवं होतं म्हणून मी मानलं.

फार राग आला, खारू. अजूनही आहे. भोकं कशी बुजवायची ते मीच तुला शिकवलं होतं आणि तू ते माझ्यावरच वापरलंस. तुझ्या बाबांना ड्रेस दाखवला, तर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती तुझ्या त्या शब्दाला घाबरली होती. म्हणाली, आईला हा ड्रेस होत नाही हे कळलं तर ती खरंच सोडेल, मग साखर वाढेल आणि आजीसारखं होईल. तू दुकानात गेलीस की ती शिवायला बसायची. मी दारावर लक्ष ठेवायचो." दोघांनी मिळून केलंत तर!

मग मी शब्द पाळायला निघाले. ड्रेस बसत नाही, म्हणजे पाव. बेकरीतून गरम पाव घेतला आणि समोरच्या बाकावर बसून मोडला. एक घास खाल्ला. खोटं कशाला लिहू, सुंदर होता. दुसरा हातात घेतला आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. ड्रेस खोटा, म्हणजे काटे खरे. टेपा खऱ्या. सूप खरं, बदामाचं पीठ खरं, तुझे बाबा खरे. मग सगळ्यांत मी एकट्या डॉक्टरीणबाईंनाच खोटं कसं ठरवू? वजन परत आलं आहे, तरी साखर ताब्यात आहे आणि डोळे छान आहेत. म्हणजे जे मी रोज करते आहे ते कमरेवर दिसत नसलं तरी आत कुठेतरी लागू पडतंय. हे मला एवढ्या महिन्यांत कुणी सांगितलं नाही असं नाही. मी ऐकून घेतलं नाही.

हातातला घास खाली ठेवला. उरलेला पाव घरी आणला आणि बाबांच्या ताटात वाढला. म्हटलं, इथेच बसून खा, माझ्यासमोर, मला काही होत नाही. थोडं होतं, पण ते त्यांना सांगू नकोस.

हे सगळं लिहून झालं तरी खरी गोष्ट राहिलीच. मी घाबरलेली आहे. वजनाला नाही, ते आलं आहे, कदाचित थोडं जाईल, कदाचित जाणार नाही. डोळ्यांना घाबरले आहे. तुला कधी बोलले नाही, बाबांनाही नाही. काट्यांवर, दुकानदारांवर, शेजारणीवर संशय घेत राहिले, कारण तो घेताना भीती वाटत नाही. आणि तिकडे तूही घाबरली होतीस आणि मला न सांगता दुपारी सुई घेऊन बसत होतीस. एका घरात राहून दोघी एकमेकींपासून लपून घाबरत होतो. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं आहे.

पुन्हा असं करू नकोस. माझ्यासाठी काही उसवायचं असेल तर मला समोर बसवून उसव.

आज सकाळी अंडी खाल्ली. बदामाची बरणी मालकीणबाईंकडे ठेवायला दिली आहे. आज मला धीर देणारा कुठलाच कपडा घरात नाही आणि तरी मी सोडलेलं नाही. उद्याचं उद्या बघू. ज्या दिवशी सोडावंसं वाटेल त्या दिवशी आधी तुला फोन करीन, तुझे बाबा शेजारी पेपर धरून बसले असले तरी. तुझी परीक्षा संपली की ये. मला तुला नीट, डोळे भरून बघायचं आहे.

आता आशीर्वाद. राग आहे म्हणून त्यात कमी केलेले नाहीत.

जेवढी आहे तेवढी, तुझीच,
आई