पॅक करायला शिकलो

३ मे, मंगळवार. दुपारी.
आजपासून ऑनलाइन पोकर शास्त्रशुद्ध. व्हिडिओ बघून नियम पाठ केले. बहुतेक डाव सरळ पॅक. बोलायची पाळी शेवटी असेल तरच जोर करायचा. जो कधीच पॅक करत नाही त्याला थापा मारायच्या नाहीत. डोकं तापलं की बंद. सोपं आहे. मी त्रुको खेळणारा माणूस; तोही आमच्याकडचा पत्त्यांचा, थापांचाच खेळ. पोकर म्हणजे त्रुकोच, फक्त समोरच्याचं थोबाड दिसत नाही.

तीच दुपार, जरा नंतर.
बियाण्यांचं दुकान उघडायला उशीर झाला. पहिल्याच डावात एकाने सगळे पैसे पुढे सारले. माझ्या हातात दुर्री-सत्ती. पॅक करणार होतो, शपथ. पण आमच्या गावात कुणी डाव वाढवायला 'त्रुको!' म्हणून ललकारलं आणि तुम्ही 'नको' म्हणून डाव सोडलात, तर क्लबातले लोक वर्षभर कोंबडीचा आवाज काढतात. बोट आपोआप 'घेतो'वर गेलं. हरलो. समोरचा कॅनडाचा. त्याला इज्जत काय कळणार!

७ मे.
क्लबाच्या त्रुको स्पर्धेत माझा जोडीदार म्हणजे सासरे, एवारिस्तो. बक्षीस अख्खं डुकराचं पिल्लू. सासरे जन्मभर उपविजेते. आज सरावाला म्हणाले की जावईबापू, यंदा एकदा जिंकू या, पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. असलं अभद्र बोलू नका म्हटलं. तेवढ्यात फोन थरथरला, पोकरची टूर्नामेंट सुरू. डोकं दुखतंय सांगून निघालो. नेलिदाने गोळी आणून दिली. बायको समोर उभी, गिळावी लागली.

११ मे.
वाईट झालं. दुपारी गाव झोपलेलं, मी दुकानात शटर ओढून खेळत होतो. सासरे आले, काखेत 'माते' नावाच्या कडू चहाचा थर्मास, हातात पत्ते. ठोठावत राहिले. मी बियाण्यांच्या पोत्यांमागे श्वास रोखून. दोनदा हाक मारून गेले बिचारे. लाज वाटली, खूप वाटली. डाव चालू होता, नाहीतर उघडलंच असतं.

१८ मे.
सासऱ्यांनी अंगणातली भट्टी चुन्याने रंगवली. पिल्लू भाजायला. नेलिदा म्हणते, आई गेल्यापासून बाबा इतके खुशीत दिसले नव्हते. ठरलं. फायनलला फोन घरी.

२१ मे, शनिवार.
फोन नेला. फक्त वेळ बघायला.
फायनल रोल्दान बंधूंशी. एकोणतीस-एकोणतीस. तीसला खेळ खलास. टेबलाखाली माझा पोकरचा डावही ऐन रंगात. मला राजांची जोडी, आणि समोरच्याने सगळं पुढे सारलं. व्हिडिओ आठवला. हा गडी कधीच थाप मारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा विचार केला आणि बटण दाबता दाबता मोठ्याने म्हणालो, नको.
नेमकं त्याच वेळी थोरल्या रोल्दानने 'त्रुको!' पुकारलं होतं. उत्तर मी द्यायचं होतं. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. एक गुण त्यांना. संपलं.
सासऱ्यांनी पान टेबलावर ठेवलं. तलवारीचा एक्का, त्रुकोत त्याच्यावर पानच नाही. जोडीदाराकडे बघून भुवया उडवणं ही त्या पानाची खूण, नियमात बसणारी. पंच म्हणाले की म्हातारा केव्हाचा तुझ्याकडे बघून भुवया उडवत होता, तू मांडीत काय बघत होतास?
फोनवरचा पॅक बरोबर होता. समोरच्याने पानं दाखवली, खरंच एक्क्यांची जोडी. पण हे सांगू कुणाला?

२२ मे, रविवार.
सासऱ्यांकडे जेवण. पिल्लाऐवजी रॅव्हिओली पास्ता. आज सगळं कबूल करायचं ठरवून गेलो.
मेव्हणा म्हणाला की असा कसा रे सोडलास डाव? मी बोलणार, तेवढ्यात सासरे म्हणाले की त्याची चूक नाही, खूण करायला मीच विसरलो, पंचांना काय दिसतंय. वय झालं माझं. मग सगळ्यांचंच एकमत झालं. पुढच्या वर्षी बाबांना खेळवायचं नाही, शेगडीजवळ खुर्ची देऊ, बघतील निवांत. मला नवा जोडीदार मिळेल म्हणे.
 सासरे माझ्याकडे बघत राहिले.  मी तोंड उघडलं.
चीज मागितलं.
त्यांनीच उचलून दिलं.