चंद्राच्या पाठवणीत वाजवलेली मधली चाल

मी, नाथाजी भाऊसो साबळे, वय एकोणसाठ, पलटणीच्या बँडचा निवृत्त हवालदार, राहणार गोडोली, सातारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. छाती दुखते, पण डोके ठिकाणावर आहे आणि कानही.

१. राहत्या दोन खोल्या व पोस्टातील बचत मुलगा अर्जुना याने घ्यावी. त्याला सूर कळत नाहीत. तरी माझा रोजचा रियाज त्याने लहानपणापासून सोसला आहे.

२. लग्नाच्या बँडची वाद्ये, माझा क्लॅरिनेट धरून, माझा कॉर्नेटवाला धुळा याला. वऱ्हाडी सिनेमाची गाणी मागतात, ती वाजवावीत. पण वरातीत एकदा तरी गोऱ्यांच्या नाचाचा वॉल्ट्झ घ्यावा. तीन मात्रांवर आपल्या लोकांचे पाय अडखळतात, ते बघायला मला फार आवडायचे.

३. चौदा रेकॉर्डी सांगलीचे कापडवाले जयपाल चौगुले यांच्या आहेत, त्या त्यांना पोचवाव्यात. त्यांच्या दुकानाच्या माडीवर आम्ही पहिल्यांदा सबंध सिम्फनी ऐकली. चारही भाग संपेपर्यंत ते गिऱ्हाइकासाठी खाली उतरले नाहीत. असा मित्र मला दुसरा मिळाला नाही.

४. माझी निळी वही मुलगी चंद्रा हिला, जी विट्याला दिली आहे. पलटणीतल्या गोऱ्या बँडमास्तरांनी शिकवलेला त्यांच्या संगीताचा इतिहास तीत मराठीत उतरवला आहे. आधी चर्चमध्ये सगळे मिळून एकच चाल गात. पुढे एकाने सुरू केलेली चाल दुसरा मागून उचलू लागला, मग तिसरा, आणि कोणी कोणासाठी थांबेना, तो फ्यूग. मग सोनाटा आला. त्यात दोन चाली असतात, एक घरच्या सुरातली, दुसरी परक्या सुरातली. मध्ये दोघींची पुष्कळ ओढाताण होते आणि शेवटी दुसरीही घरच्या सुरात येते. अलीकडच्या काहींनी घरी परतणेच सोडले म्हणतात. त्यांचे पान मी कोरे ठेवले आहे.

५. आता चूक. चंद्राच्या पाठवणीला मी एक चाल वाजवली. ती मयताच्या संथ मार्चमधली होती. त्या मार्चचे तीन भाग असतात: दुःखाचा, मग मधला अगदी हळवा, मग पुन्हा दुःखाचा. लेक जाताना वाजवावे असे त्या मधल्या भागाहून मायेचे मला काही येत नव्हते. दोन्ही बाजू कापून तेवढाच घेतला. कोणाला कळले नसते, पण मांडवात आमच्या पलटणीचे सुभेदार लालासाहेब मोहिते बसले होते. ते ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, “नाथा, ही मयताची चाल हाय रं!”

महिन्यात तिचे सासरे गेले. चंद्राने मला एवढेच विचारले, “आबा, तुमाला ठावं हुतं न्हवं?” मी क्लॅरिनेट पुसत बसलो. नऊ वर्षे ती आली नाही. उत्तर आज लिहितो: होय, चंद्रा, ठाऊक होते. एखादा भाग कापून घेतला की मागचे-पुढचे सुटते, असे मला वाटले. ते सुटत नाही. मला माफ कर.

६. मला नेताना धुळाने तो मार्च तिन्ही भागांसह वाजवावा. या वेळी मधली चाल तिच्या जागी असेल, चंद्राने भिऊ नये. परतताना पलटणीच्या रीतीप्रमाणे जलद मार्च वाजवावा. त्या पावलांनी चंद्राने घरात यावे आणि जेवूनच जावे.

७. सुभेदारांशी मी नऊ वर्षे बोललो नाही. कान त्यांचा खरा होता. ते साक्षीला आले, माझा राग सरला.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

नाथाजी भाऊसो साबळे
सातारा, १२ नोव्हेंबर १९७४

साक्षीदार:
१. जयपाल आण्णा चौगुले, सांगली
२. सुभेदार लालासाहेब मोहिते (निवृत्त), सातारा

सहीखाली सुभेदारांच्या हातचे: नाथा, मी तवा गप बसाय पायजे हुतं. पोरीला मयतालाच बोलवायचं व्हय रं? उद्याच्या पहिल्या यष्टीनं ह्यो कागद घिऊन मी विट्याला जातो आन् तिला आणतो. क्लॅरिनेट पुसून ठेव.