कोऱ्या कागदाला दिलेली हवा

३ डिसेंबर
आलो एकदाचे जालन्याला. एमआयडीसीच्या कडेला उषाबाईंच्या घरावरची खोली मिळाली. पुढं ऐसपैस गच्ची, गच्चीवरून जिकडं पाहावं तिकडं रोलिंग मिलांची धुराडी. मी बेबीनंदाला एकेक बोट करून दाखवली, तर म्हणाली, अहो, ताजमहाल दाखवल्यावानी काय करून राह्यले, धूरच आहे तो. मी म्हणालो, याच धुरावर आता आपली भाकर.
काम झकास आहे. गच्चीवर हवा तपासायचं यंत्र मांडलंय. पंप हवा ओढतो, हवेतली डोळ्याला न दिसणारी धूळ बिस्किटाएवढ्या गोल कागदावर बसते. मी कागद बदलायचा, डबीत घालून संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. जन्मभर जळक्या मोटारींत तांब्याची तार भरली, दुकान उभं केलं, पोरीचं लग्न केलं. कोणत्या मोटारीचं काय दुखतं ते मला रस्त्यावरून ऐकू येतं. हा पंप तर मांजरासारखा गुरगुरतो.

९ डिसेंबर
प्रयोगशाळेतल्या अतिकचा फोन आला. मोठा गप्पिष्ट माणूस. म्हणाला, राजाभाई, शहर काय खातं ते कागद सांगतो. लोखंड, जस्त आणि थोडं शिसं भट्ट्यांचं. पोटॅशियम शेतात जाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचं. गंधकाचे आणि अमोनियाचे क्षार, माती, आणि काजळी. धातू किरणांनी कळतात, पण काजळी मोजायला कागदाचा तुकडा कापून भट्टीत जाळावाच लागतो.
एक नियम मात्र त्यानं पुन्हा पुन्हा सांगितला. पार्सलबरोबर एक कोरा कागद फिरतो. तो यंत्राशेजारी डबीत पडून राहतो आणि तसाच परत जातो. त्याच्यावर जे सापडेल ती हाताची, डबीची घाण. ती बाकीच्या हिशेबातून वजा करायची. म्हणून कोऱ्या कागदाला हवा द्यायची न्हाई, बिलकुल. मी विचारलं, नवस बोललाय का काय? तो म्हणाला, तुमच्या आधीचा माणूसही असाच हसायचा. मंग तो गेला कुठं? तर म्हणे, फोन उचलत न्हाई.

१४ डिसेंबर
पंपाचा सूर बिघडला. बेअरिंग. खोलीत आणून खोलला, ग्रीस भरलं, चालवून पाहिला. कागदाशिवाय चालवला तर कचरा आत जातो, आणि हाताशी कोरा होता. तोच लावला. दुपारभर चालू ठेवला. बेबीनंदा बाजूच्या खाटेवर झोपली होती, नळीचं तोंड तिच्या उशाशी. सूर बराबर आला. कागद काढला तर पांढराशुभ्र. डबीत घातला आणि कोरा म्हणून पाठवून दिला. कोणाला कळतंय.

१६ डिसेंबर
सकाळी गच्चीवर चहा घेतला. कडाक्याची थंडी. माझ्या तोंडातून वाफ, उषाबाईंच्या तोंडातून वाफ. बेबीनंदा बोलत होती, उषाबाईंना विचारत होती की चहात दूध घालता का नुसतं दाखवता. दोघी हसल्या. बेबीनंदाच्या तोंडापुढं काहीच न्हाई.
दुपारी ती झोपली तेव्हा कान लावला. झोपेत तिच्या नाकात बारीक शिट्टी वाजते, लग्नापासून ऐकतोय. न्हाई. स्टीलचं ताट नाकाखाली धरलं. ताट साफ राहिलं.
उठल्यावर सांगितलं. म्हणाली, मेले असते तर चपात्या कोणी लाटल्या? मी पण हसलो. हात तिचा गार होता.

१७ डिसेंबर
दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, आकडा उमटेना. म्हणाले मशीन गेलं. दुसरं लावलं. तेही गेलं म्हणाले.
घरी आलो. ती चुलीपुढं बसली आणि एकदम छाती धरून वाकली. आत जळतंय म्हणाली. तेवढ्यात अतिकचा फोन. कोरा म्हणून काय पाठवलंत, विचारत होता. लोखंड न्हाई, जस्त न्हाई, काजळी न्हाई. पण कागद फुगतो आणि बसतो. फुगतो, बसतो. पंखा बंद केला तरी. म्हणून एक तुकडा आत्ताच भट्टीत घातला.
मी म्हणालो, बंद कर. तो म्हणाला, दुसरा तुकडाही आत गेला.
मागून बेबीनंदानं हाक मारली. अहो म्हणायचं होतं तिला. नुसता अ आला.

१८ डिसेंबर
संभाजीनगरहून उरलेला कागद आणला. अर्धाच आहे. अतिक माझ्याकडं बघत नव्हता. बसमध्ये डबी कानाला लावून बसलो— आत शिट्टी. तिचीच. मधेच तुटते.
तिला आता उठवत न्हाई. उषाबाई उशाशी आहेत.

१९ डिसेंबर
पंपाच्या नळ्या उलट्या लावल्या. आता तो ओढत न्हाई, फुंकतो. अर्धा कागद घातला, नळी तिच्या नाकाशी. ताटावर वाफ आली. उषाबाई रडल्या. मी पण.
पण श्वास आत जातो— बाहेर येत न्हाई. छाती वर चढून राह्यली. ओठ निळे. अर्धा कागद, अर्धाच श्वास. आणि कागद आता रिकामा.

दुपार
तिचा दुसरा अर्धा श्वास भट्टीत जळाला. माझ्याकडं पुरा आहे.
नळ्या सरळ केल्या. नवा कोरा लावला, नळी माझ्या तोंडाशी. अर्धा ओढला की सूर बदलेल— मला कळेल— बंद करीन.
चालू केला. ती मान हलवतेय. नको म्हणतेय. उषाबाईंना खाली औषधाला पाठवलं, त्या आडव्या आल्या असत्या.
सूर बदलला. अर्धा झाला. बटण बंद केलं—
थांबत न्हाई.
प्लग काढला. वायर हातात आहे— ओढूनच राह्यला— उषाबाईंना हाक मारली, माझी मलाच ऐकू आली न्हाई—
उषाबाई, हे वाचा. कागद काढा. जाळू देऊ नका. नळ्या उलट्या— तिच्या नाकाशी— पुरा द्या तिला, माझ्यासाठी ठेवू न—