अडवलेले डबे

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू दोन शब्दांत आटपतोस, म्हणून लिहिते. तुझी भाची आज दुपारी सलग तीन तास झोपली! दाजी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. शेवटी मी त्यांना खुर्चीत बसवलं.

माझ्या आजारपणात अंगावरचं दूध आटलं, पिटुकलीला वरच्या दुधाची पावडर सुरू केली, आणि तेव्हापासूनचे हाल तू ऐकलेच आहेस. उलट्या, गालांवर चट्टे, शीमध्ये रक्ताचे धागे, वजन जिथल्या तिथे. मला वाटायचं, मीच बाटल्या नीट उकळत नसेन. डॉक्टरबाई म्हणाल्या की दोष माझ्या हातांचा नाही, गाईच्या दुधातलं प्रथिनच तिच्या शरीराला वैरी वाटतंय. आधी दिलेल्या खास पावडरीने चट्टे गेले, पण रक्त थांबेना. आता दिलीय तिच्यात दूधच नाही म्हणे. डबा उलटा करून बघते तर खाली तुमच्या कारखान्याचा पत्ता! आणि आम्ही तुला इतकी वर्षं पावडरवाला म्हणून चिडवतोय.

वासावरून मात्र माझं तुझ्याशी भांडण आहे. ओला पुठ्ठा बरा. पहिले दोन दिवस बाईसाहेबांनी सगळा घोट माझ्याच अंगावर उडवला.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. वासाची तक्रार मंजूर. प्रथिन म्हणजे लांबलचक माळ समज. तुझ्या आधीच्या डब्यात माळेचे तुकडे होते, ह्यात नुसते सुटे मणी. पिटुकलीच्या शरीराला त्यात माळ ओळखूच येत नाही, म्हणून ते भांडायला उठत नाही. सुटे मणी चवीला कडवट, त्याला इलाज नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालातली, चमचाभर पावडर कालवून स्वतः पितात. यंत्रं असताना कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या की बाळाला दिवसातून सहा वेळा प्यावं लागतं, मला एक चमचा जड नाही.

माझं काम साधं. ज्या नळ्यांतून दुधाचा मालही जातो, त्या धुतल्यावर शेवटच्या पाण्यात आणि मग पावडरीत चाचणीची पट्टी बुडवायची. एक रेघ आली की माल पुढे. दोन आल्या तर दुधाचा अंश शिरलाय, माल अडवायचा.

दाजींना सांग, नाकाशी बोट धरल्याने मूल जागं होतं.

तुझ्या मायेवर टिकून असलेला,
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. फोनवर रडू येईल म्हणून हे कुरिअरने धाडतेय. गावात डबा नाही. दाजींनी सायकलवरून चौदा दुकानं पालथी घातली. औषधवाला म्हणाला की कारखान्यातल्या कुणा दीडशहाण्याने अख्खा घाणा अडवून ठेवलाय. त्या माणसाने कधी आजारी लेकरू मांडीवर घेतलं नसेल!

घरात एक डबा उरलाय, चार दिवसांचा. शेजारीण म्हणते की पाणी वाढवून पुरवा. डॉक्टरबाईंनी तसं मुळीच करायचं नाही म्हणून बजावलंय. पिटुकली आत्ता कुठे बाळसं धरायला लागलीय. कालच पहिल्यांदा आवाज काढून हसली.

तू आतला माणूस. त्यातले दोनच डबे काढून दे. कुणाला कळणार?

वाट बघणारी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. हे बोलून दाखवायची हिंमत नाही, लिहितोय. तो दीडशहाणा मीच.

दुसरी रेघ आली होती. इतकी पुसट की डोळे बारीक करून बघावी लागे. मी तीनदा पट्टी लावली, तिन्ही वेळा आली. नळीच्या जोडावरचं रबरी कडं चिरलं होतं, त्या फटीत आधीच्या घाण्याचं दूध राहिलं होतं. तुझं पत्र वाचून गोदामात गेलो. हात लांबवला तर डबा हातात आला असता. कदाचित पिटुकलीला काही झालंही नसतं. पण मी ती रेघ पाहिलीय, ताई.

मग मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच जुन्या घाण्यातले चांगले डबे कुठे कुठे गेले त्याची यादी काढली आणि एकेका दवाखान्याला स्वतः फोन करत बसल्या. सातव्या ठिकाणी डबे सापडले. पाच डबे डॉक्टरबाईंच्या नावाने आजच निघालेत.

रागाव, पण अबोला धरू नकोस.
धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. डबे आले. आमच्या डब्यात दोन वेळचं उरलं होतं. दवाखान्यात आणखी दोन आया ताटकळत बसल्या होत्या, दोघींची मुलं पिटुकलीसारखीच. एकीचं मूल तर दुधाचा थेंब गेला तरी सुजतं, श्वास अडकतो. डॉक्टरबाईंनी पाच डबे आम्हा तिघींत वाटले. परवा नवा माल दुकानात आला. आज पिटुकलीचं वजन केलं, पाच किलो आठशे. काटा थांबेपर्यंत दाजींनी स्वतःचाच श्वास रोखून धरला होता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते चुरगाळून कोपऱ्यात फेकलं होतं. एक दिवस तसंच पडू दिलं. दवाखान्यात ते सुजणारं लेकरू पाहिलं आणि घरी येऊन पत्र उचलून सरळ केलं. त्याच्या आईला मी सांगितलं की माल अडवणारा माझा भाऊ आहे. तिने माझे दोन्ही हात धरले, किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

खरं सांगू? तुझ्या जागी मी असते, तर दोन डबे काढले असते. म्हणून त्या जागी तू आहेस तेच बरं.

तुझा अभिमान बाळगणारी,
ताई