‘नेहमीप्रमाणे’चा परवाना

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी माझी सहा अंगं अजून वाकतात. तुझ्या बोटांचं कसं आहे, ते ‘बरं’ हा शब्द न वापरता कळव. भावजींनाही नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेतली पद्धत विद्यापीठाने परवाना करून औषध कंपनीला दिली, हे तू पेपरात वाचलंच असशील. तुझ्यासारख्यांच्या सांध्यांवर रक्तातल्या ज्या पेशी तुटून पडतात, तेवढ्यांनाच भडकू द्यायचं नाही, बाकीच्या पहाऱ्यावर ठेवायच्या, अशी ती पद्धत. फोटोत आमचे सर होते, कुलगुरू होते, आणि जन्मात परीक्षानळी न धरलेला परवाना विभागाचा साहेबही होता. मी नव्हते. (एकतीस वर्षं पेशी मीच तयार करते, फोटोच्या वेळीही तेच करत होते.)

पुढे कंपनीत ती पद्धत चालेना. चार महिने झाडून सगळ्या पेशी भडकल्या, मग वकीलही भडकले. शेवटी सरांची वही उघडली, तर नेमक्या जागी एकच ओळ: ‘पेशी बाईंनी नेहमीप्रमाणे तयार केल्या.’ आता नेहमीप्रमाणे म्हणजे काय, ते सरांना कुठे ठाऊक! मी धुतलेल्या पेशी लगेच वापरत नाही, चाळीस मिनिटं उबेत स्वस्थ बसवते. (सर त्याला ‘बाईंची चहाची सुट्टी’ म्हणत आले.) एवढा मोठा करार त्या सुट्टीपाशी अडून बसला.

लगेच सरांच्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. “बाई, तुम्ही तर आमच्या घरच्याच!” सर म्हणाले. म्हटलं, “मग पेटंटावर घरच्यांचं नाव कुठाय?” परवानेवाला साहेब कण्हला, “नावाचं फार किचकट असतं हो.” मी सांगून आले, आधी नाव घाला, मग दाखवते. नाहीतर दोन महिन्यांनी निवृत्त होईन आणि गुपित घरी नेईन. ही काळ्या दगडावरची रेघ समज.

तुझी धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात रेघ पुसली. तुला कंगवाही धरवत नाही, असं भावजी काल फोनवर बोलून गेले. आज सकाळी सगळं दाखवून आले. नावाची अट सोडली (अट सोडणं दोन मिनिटांत मान्य झालं, तेव्हा काहीच किचकट नव्हतं) आणि त्याबदल्यात रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीसाठी तुला तपासायचं कबूल करून घेतलं. निवडीची हमी मात्र देत नाहीत.

आणखी एक. डॉक्टरांचे कागद लगेच पाठव. ‘माझ्याहून गरजू असतील’ म्हणून मागे सरू नकोस. माझं नाव मी गाळू दिलंय. तुझं तू गाळलंस तर तोंड पाहणार नाही.